बाहेरचा पगार आधी घरी बसून मोजा

महाड, बिरवाडी, पोलादपूर या पट्ट्यात वर्षातून दोन-चार वेळा एखादा आकडा फिरतो. सौदीत पाइप फिटरला अठराशे रियाल. कुवेतला वेल्डरला सव्वाशे दिनार. जर्मनीत इलेक्ट्रिशियनला तीन लाख. आकडा कानावर आला की मोबाइल निघतो, दर बघितला जातो, गुणाकार होतो. मग घरात थोडा वेळ कुणी बोलत नाही, कारण एवढे पैसे महिन्याला त्या घराने पाहिलेले नसतात.

गुणाकार बरोबरच असतो, पण हिशोब तिथे अर्धाच झालेला असतो. उरलेला अर्धा तुम्ही निघण्याआधी करावा, म्हणून हे लिहितो आहे. जाऊ नका, असं मी सांगणार नाही. आपला भाग बाहेर जाऊनच जगला आहे. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, तरी माणसं मिळेल त्या कामाला मुंबईतच राहिली. महाड, माणगाव, म्हसळ्याच्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस सत्तरच्या दशकापासून आखातात आहे.

पुढे महाडला एमआयडीसी आली, रसायनांचे कारखाने आले. आपली पोरं तिथे स्टेनलेस स्टीलच्या पाइपला आर्गॉन वेल्डिंग करायला शिकली. शटडाऊनच्या काळात रात्र-रात्र उभं राहून लाइन जोडायला शिकली. सौदीच्या जुबैलला किंवा अमिरातीतल्या रुवैसला रिफायनरीत नेमका हाच हात लागतो. एजंट तुमच्या दारात येतो तो त्यासाठी. तुमच्या हाताला किंमत आहे म्हणून तो आलेला असतो, हे आधी मनात पक्कं करा. त्याच्यापुढे हात जोडून उभं राहायची गरज नाही.

आता वही घ्या. घरातल्या बाईला शेजारी बसवा. आई-वडील असतील तर त्यांनाही बसवा. हा हिशोब एकट्याने करायचा नाही.

पहिलं काम म्हणजे सांगितलेला पगार फोडायचा. अठराशे रियाल हा एक आकडा नसतो. त्यात बेसिक किती, जेवणाचे किती, ओव्हरटाइमचे किती, हे वेगळं विचारा. आणि रोज किती तास काम, आठवड्याला किती दिवस, हेही. एजंट तासांचं सहसा आपणहून सांगत नाही. तुम्ही विचारायचं.

समजा उत्तर असं आलं: बेसिक १,२००, जेवणाचे ३००, ओव्हरटाइमचे ठरलेले ३००. रोज दहा तास, महिन्याला २६ दिवस. म्हणजे महिन्याला २६० तास. इथेच एक गोष्ट बघा. सौदीच्या कायद्याने दिवसाला आठ तास, त्यापुढचा प्रत्येक तास दीडपट दराने. १,२०० बेसिकला ३० दिवस आणि ८ तासांनी भागलं तर तासाला ५ रियाल पडतात. दीडपट म्हणजे साडेसात. रोजचे दोन तास धरले तर महिन्याला ५२ तास, म्हणजे निदान ३९० रियाल. तुम्हाला ३०० सांगितले आहेत. दर महिन्याला ९० रियाल पहिल्याच दिवसापासून कमी. हे सही करण्याआधी दिसलं, तर मागता येतं. सही झाल्यावर दिसून फारसा उपयोग नाही.

आता तिथला खर्च. खोली कंपनीची असेल असं धरू. जेवणाचे ३०० जेवणालाच जातील. मेस नसेल तर चौघांनी मिळून खोलीवर रांधलं, तरी डाळ-तांदूळ-चिकन-गॅस यात ते संपतातच. फोनचं रिचार्ज, साबण, केस कापणं, सुट्टीच्या दिवशी गावात जाणं-येणं, अधूनमधून औषध, याला दीडशे धरा. सौदीत पगारावर आयकर नाही. पण दुकानात जे घ्याल त्यावर १५ टक्के व्हॅट आहे. जुलै २०२० च्या आधी तो ५ टक्केच होता. जुना माणूस "तिथे काही महाग नाही" म्हणाला, तर तो कधीचं सांगतोय ते विचारा.

१,८०० वजा ४५०, उरले १,३५०. रियालचा दर हिशोबापुरता २३ रुपये धरू. तुम्ही मात्र त्या दिवशीचा बघा. म्हणजे घरी येणार महिन्याला ३१,०५० रुपये. मोबाइलवर आलेला आकडा ४१,४०० होता.

आता हाच माणूस महाडला राहिला तर? समजा एमआयडीसीत कंत्राटदाराकडे आठ तासांचे ९०० रुपये मिळतात. तिथे दहा तास राबणार असाल तर इथलेही दहा तासच धरा, नाहीतर तुलना खोटी होते. कारखान्यात जादा तासाला दुप्पट दर हा आपला कायदा आहे. पण साधा दरच मिळतो असं धरू. दिवसाला १,१२५, २६ दिवसांचे २९,२५०. त्यातून तुमचं स्वतःचं जेवण ३,००० आणि पेट्रोल किंवा एसटीचे १,५०० काढा. उरले २४,७५०. बायका-मुलांचा, म्हाताऱ्यांचा खर्च दोन्हीकडे तोच आहे, म्हणून तो धरलेला नाही.

पण इथलं काम बाराही महिने नसतं, हे मलाही ठाऊक आहे. शटडाऊन संपला की कंत्राटदार फोन उचलत नाही. कंपनीचं एखादं युनिट बंद पडतं. पावसात फॅब्रिकेशन थांबतं. म्हणून महिन्यावर जाऊ नका, दोन वर्षांचा हिशोब करा. आखातातला करारही बहुतेक दोन वर्षांचाच असतो.

दोन वर्षांत सौदीतून घरी: ३१,०५० गुणिले २४, म्हणजे ७,४५,२००.

दोन वर्षांत महाडला २४ पैकी २० महिने काम मिळालं, तर २९,२५० गुणिले २० म्हणजे ५,८५,०००. त्यातून २४ महिन्यांचा स्वतःचा खर्च १,०८,००० गेला. उरले ४,७७,०००.

फरक २,६८,२०० रुपये. दोन वर्षांत. हा फरक खरा आहे आणि लहानही नाही. पत्र्याच्या घरावर स्लॅब पडायला त्याने चांगला हात लागतो. या पैशासाठी कुणी दोन वर्षं वाळवंटात काढत असेल, तर त्याला मी नाव ठेवणार नाही.

पण आता एजंटाचे पैसे. परवाना असलेल्या एजंटाला सरकारी नियमाने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. १८ टक्क्यांनी ते ३५,४०० होतात. त्यापुढे मेडिकल, कागदपत्रं, मुंबईच्या फेऱ्या धरल्या, तरी पन्नास हजारांच्या आसपास भागावं.

आपल्याकडे काय होतं? दीड लाख मागितले जातात. घरात नसतात. मग तीन टक्के महिना व्याजाने कुणाकडून तरी घेतले जातात. दीड लाखाचे तीन टक्के म्हणजे महिन्याला ४,५००. मुद्दल शेवटी फेडलं, तर दोन वर्षांचं व्याज १,०८,००० आणि मुद्दल १,५०,०००. मिळून २,५८,०००.

वरचा फरक २,६८,२०० होता. उरले १०,२००.

दोन वर्षं मुलांपासून लांब, पन्नास अंशांच्या जवळ जाणाऱ्या उन्हात, आणि हातात वरकड दहा हजार. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, तुमचे वेगळे असतील. पण बेरीज-वजाबाकीची रीत हीच ठेवा. परदेशातल्या पगारावर सगळ्यात मोठा घाला तिथली महागाई घालत नाही. तो घाला इथेच, निघायच्या आधी काढलेलं कर्ज घालतं. एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी मला समाधान आहे.

म्हणून व्याजाने पैसे काढून जाऊ नका. दागिना गहाण ठेवायचाच झाला तर बँकेत किंवा पतसंस्थेत ठेवा. खासगी सावकाराच्या व्याजापेक्षा ते पुष्कळ कमी पडतं. आणि एजंटाने नियमापेक्षा जास्त मागितले तर दुसरा बघा. काम चांगलं आणि हात चांगला असेल तर दुसरा मिळतो. सौदीच्या कायद्याने इकामा (तिथे राहण्याचा परवाना) काढण्याचा, त्याच्या नूतनीकरणाचा आणि काम संपल्यावर परत पाठवण्याच्या तिकिटाचा खर्च मालकाचा आहे. कुणी "इकाम्याचे पगारातून कापू" म्हणालं, तर ते करारात तसं लिहिलंय का ते विचारा. लिहिलं असेल तर सही करू नका.

हिशोबात दोन गोष्टी राहतात, त्या लिहून ठेवा. एक तिकडची. करार पूर्ण केला तर आखातात ग्रॅच्युइटीसारखी रक्कम मिळते. सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार. अमिरातीत दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक. कितीतरी माणसं घरी यायच्या घाईत ती न घेताच विमानात बसतात. ती तुमची आहे, मागून घ्या.

दुसरी इकडची. तुम्ही आज कंपनीत पीएफ आणि ईएसआयसीवर असाल, तर पगाराशिवाय मालकाचा वाटाही तुमच्या नावावर पडतो आहे. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीत तुमच्या घरच्यांचा दवाखाना आहे. नोकरी सोडली की तो जातो. वडिलांना साखर आणि रक्तदाब असेल, तर महिन्याच्या गोळ्यांचे पैसे आता खिशातून जातील. ते लिहा. तुम्ही नसताना भातलावणीला गडी लावावा लागेल, ते लिहा. आजारी माणसाला वाडीवरून पोलादपूरला न्यायला गाडी ठरवावी लागेल, ते लिहा. हे सगळं तुम्ही आजवर फुकट करत होतात, म्हणून त्याची किंमत कुणी मोजली नव्हती.

आता महागाईचं. लोक विचारतात, तिकडे चहा केवढ्याला, भाडं केवढं. प्रश्न चांगला आहे. पण एक भेद कळला की अर्ध्या शंका मिटतात. जो पैसा तुम्ही घरी पाठवता, त्याला बँकेचा दर लागतो. जो तिथेच खर्च होतो, त्याला तिथला बाजार लागतो. हे दोन वेगळे दर आहेत. जागतिक बँकेच्या देखरेखीखाली जगभरच्या किमतींची तुलना होते. तिच्यात २०१७ साली असं निघालं, की अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल येतो, तेवढा भारतात २० रुपये ६५ पैशांत येतो. त्या वर्षी बँकेत डॉलर ६५ रुपयांना होता. म्हणजे अमेरिकेत राहून तिथेच खर्च करणाऱ्याच्या डॉलरला आपल्या विसेक रुपयांचंच बळ होतं. घरी पाठवणाऱ्याच्या डॉलरला ६५ रुपयांचं.

आखाताचा हिशोब जमतो तो यामुळे. कंपनीची खोली, कंपनीची बस, कुटुंब गावात. पगाराचा मोठा भाग घरी येतो आणि त्याला बँकेचा दर लागतो. ज्या क्षणी तुम्ही कुटुंब तिकडे नेता, त्या क्षणी हिशोब उलटतो. शारजात खोली भाड्याने घेऊन मुलं शाळेत घालायची म्हटली, तर कारागिराच्या पगारात शिल्लक पडणं फार कठीण. आप्तांपैकी कुणी तिथे कुटुंबासह राहत असेल, तर त्याचा पगार आणि हुद्दा आधी विचारा. त्याचं बघून आपलं ठरवू नका.

दिनार, रियाल, दिरहम यांच्या आकाराला फसू नका. कुवेतचा दिनार रुपयात अडीचशेच्या पुढे आहे, म्हणून पगाराचे आकडे लहान दिसतात. कतारचा रियाल आणि सौदीचा रियाल वेगळे. कतारमध्ये मार्च २०२१ पासून कुणालाही महिन्याला १,००० रियालपेक्षा कमी देता येत नाही. शिवाय मालकाने राहायला आणि जेवायला दिलं नाही, तर ५०० आणि ३०० वेगळे. पण ती सगळ्यात खालची पायरी आहे, हेल्परसाठीची. तुम्ही पाइप वेल्डर असाल आणि कुणी तुम्हाला तेवढेच सांगत असेल, तर तो तुमच्या कामाची किंमत देत नाही.

आणखी एक. सौदीचा रियाल डॉलरशी ३.७५ ला बांधलेला आहे, दिरहम ३.६७ च्या आसपास. त्यामुळे रुपया घसरला की तुमचा पगार रुपयात फुगतो. २०१४ च्या सुमारास रियाल सोळा रुपयांच्या आसपास होता. त्या वेळचे दीड हजार रियाल म्हणजे चोवीस हजार रुपये. २३ च्या दराने तेच साडेचौतीस हजार दिसतात. तिथे पगार वाढला नाही, इथे रुपया उतरला. तेवढ्या काळात महाडच्या बाजारात तांदूळ, सिमेंट, दवाखाना कुठे गेला ते तुम्ही पाहिलंच आहे. म्हणून "आमच्या वेळी एवढे मिळायचे" या गोष्टीवर आजचा निर्णय घेऊ नका.

राहण्याची जागा या विषयावर जरा थांबतो. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफला कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून जास्त भारतीय गेले. झोपेत होते. कारखान्यातल्या सुरक्षेबद्दल तुम्ही जाणकार आहात, हेल्मेट आणि बेल्टशिवाय वर चढत नाही. तसंच खोलीबद्दलही विचारा. एका खोलीत किती माणसं? जिने किती? रांधायची जागा वेगळी आहे का? तिथे आधीपासून असलेल्या माणसाला व्हिडिओ कॉल करा आणि खोली दाखवायला सांगा. "राहणं फ्री" या दोन शब्दांवर समाधान मानू नका.

जर्मनीचं सध्या फार बोललं जातं. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आयटीआयच्या पोरांच्या तोंडी ते नाव आहे. चांगली वाट आहे. पण ती आखातासारखी नाही, आणि तोच हिशोब तिला लावू नका.

समजा इलेक्ट्रिशियनला महिन्याला ३,००० युरो सांगितले. युरो शंभर रुपये धरला तर तीन लाख. तो आकडा कापण्याआधीचा असतो. एकट्या माणसाचा कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा कापून हातात साधारण दोन हजार येतात. मग घर. खोली कंपनी देत नाही. हीटिंगसकट लहान घराचे सातशे-साडेसातशे सहज जातात, स्टुटगार्टसारख्या मोठ्या शहरात जास्तही. आत शिरताना अनामत म्हणून तीन महिन्यांपर्यंतचं मूळ भाडं मागता येतं, म्हणजे दोन लाख रुपयांच्या घरात रक्कम सुरुवातीलाच. खाण्याला तीनशे. प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीची वर्गणीसुद्धा आहे, महिन्याला १८ युरो ३६ सेंट, टीव्ही असो की नसो. आपला गाडी चालवायचा परवाना सहा महिनेच चालतो. पुढे तिथली परीक्षा, आणि ती स्वस्त नाही.

एकटा, काटकसरीने राहिला, तर पाच-सातशे युरो वाचतील. कुटुंब नेलं तर सुरुवातीला जवळजवळ काही नाही. पण कुटुंब नेलं तर दुसरं मिळतं. मुलांची सरकारी शाळा फुकट. कमाई नसलेली बायको आणि मुलं तुमच्याच सरकारी विम्यात. प्रत्येक मुलामागे सरकारकडून भत्ता, २०२५ मध्ये तो महिन्याला २५५ युरो होता. कापलेली पेन्शन पुढे तुमची. भारत आणि जर्मनीत २०१७ पासून पेन्शनच्या वर्षांबद्दल करारही आहे. म्हणजे जर्मनी ही पैसे पाठवायची जागा कमी आणि राहायला जायची जागा जास्त. तिथे जायचं तर पाच-दहा वर्षांच्या नजरेने जा. दोन वर्षांत घर बांधायचं असेल तर ती वाट तुमची नाही.

आणि भाषा. जर्मन नीट बोलता येईपर्यंत वर्षभर तरी मान खाली घालून शिकावं लागतं. तुमचं आयटीआयचं प्रमाणपत्र तिथल्या पात्रतेशी ताडून घ्यावं लागतं. "भाषेची गरज नाही, लगेच पाठवतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आता कागद. इथे घाई करू नका, एक-एक बघा.

एजंटाचा परवाना क्रमांक मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलीला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. महाडला किंवा माणगावला बसलेला माणूस "मी मुंबईच्या अमक्याचा सब-एजंट" म्हणत असेल, तर मुंबईच्या त्या ऑफिसला स्वतः जा. रोख देऊ नका. पावती घ्या.

तुम्ही दहावी पास नसाल, तर तुमच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतं. सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया असे १८ देश आहेत, जिथे नोकरीला जाताना अशा माणसाची सरकारी मंजुरी लागते. ती अडचण वाटते, पण ती तुमच्याच संरक्षणासाठी आहे. करार, पगार, मालक यांची तेव्हा तपासणी होते. दहावी पास असलेल्याला ती मंजुरी लागत नाही. त्यामुळे त्याचा करार कुणी तपासत नाही आणि त्याने स्वतः जास्त जागरूक राहावं.

व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नका. "आझाद व्हिसा", "फ्री व्हिसा" नावाचं काहीही कायद्यात नाही. तसा माणूस एकाच्या नावावर आत जातो आणि दुसऱ्याकडे राबतो. पकडला गेला तर पगार, ग्रॅच्युइटी, विमा, काहीच मागता येत नाही.

प्रवासी भारतीय विमा योजना घ्या. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाखांचं संरक्षण. एवढ्या थोड्या पैशात एवढं दुसरं काही मिळत नाही. वारस म्हणून कुणाचं नाव टाकलं ते घरी सांगून जा.

करार, व्हिसा, पासपोर्ट, विमा, एजंटाची पावती, यांच्या प्रती घरी ठेवा आणि बायकोच्या मोबाइलमध्ये फोटो ठेवा. तिथे पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं सौदीत आणि अमिरातीत बेकायदा आहे. अडचण आली तर सरकारची फुकट मदतलाइन आहे, १८०० ११ ३०९०. हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. परदेशातल्या माणसाची तक्रार घरच्यांनाही सरकारच्या मदद संकेतस्थळावर नोंदवता येते.

ताई-वहिनींनो, पुढचं तुमच्यासाठी. पैसे बँकेतूनच येऊ द्या. हुंडीवाला दोन पैसे जास्त देतो, पण त्याचा कागद नसतो. उद्या घराचं कर्ज घ्यायचं झालं तर बँक कागद मागते. नवऱ्याचं एनआरई खातं उघडून घ्या, त्यावरच्या व्याजाला इथे आयकर नाही. पहिल्या सहा महिन्यांत बांधकाम काढू नका. पहिला पगार हातात यायला दीड-दोन महिने जाऊ शकतात. आधी कर्ज, मग तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला, मग बाकी. आणि महाडात नदीच्या अंगाला घर किंवा गाळा बांधायचा असेल, तर जुलै २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ती खूण बघून जोत्याची उंची ठरवा. त्या एका रात्रीत कितीतरी जणांची बाहेरची कमाई चिखलात गेली.

ज्यांनी हिशोब केला आणि फरक फारच थोडा निघाला, त्यांनी थांबावं. थांबणं म्हणजे हरणं नाही. ते वर्ष हाताची किंमत वाढवण्यात घाला. पाइप वेल्डिंगची सिक्स-जी टेस्ट द्या. आयटीआय अर्धवट राहिलं असेल तर पुरं करा. कंत्राटदार अनुभवाचा दाखला देत नसेल, तर पीएफचं पासबुक काढून ठेवा. कुणाकडे किती महिने होतात ते त्यात दिसतं, आणि मुंबईच्या मुलाखतीत ते चालतं. साधा वेल्डर आणि प्रमाणपत्र असलेला पाइप वेल्डर यांच्या पगारात जो फरक असतो, तो पुष्कळदा महाड आणि सौदीतल्या फरकापेक्षा मोठा निघतो. नवी मुंबई, दहेज, जामनगर इथल्या शटडाऊनलाही तोच कागद कामी येतो, आणि तिथून गणपतीला घरी येता येतं.

जे जातील त्यांनी निघताना वहीत दोन ओळी लिहाव्यात. किती पैसे जमले की परत यायचं, आणि कोणत्या साली. दोन वर्षांनी कंपनी करार वाढवायला विचारेल, तेव्हा लगेच हो म्हणू नका. त्या दिवसाचा दर, तिथला तेव्हाचा खर्च आणि महाडची तेव्हाची मजुरी लिहून हाच हिशोब पुन्हा करा. मग पगार वाढवून मागा. काम जाणणाऱ्या जुन्या माणसाला ठेवणं कंपनीला नवा माणूस आणण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि हे तिथल्या सुपरवायझरलाही माहीत असतं.